नववा ट्रॅक

खेळात ट्रॅक आठच.
नववा डिस्कवर आहे, मेनूत नाही.
मेघश्याम तांडेलनं काढला होता,
अंधेरीच्या ऑफिसात, रात्री जागून,
वरळी कोळीवाड्यातली घरची गल्ली
रिमोटच्या गाडीच्या उंचीवरून:

चपला डोंगराएवढ्या,
पिंपाखालची ओल तळ्याएवढी,
आणि वर, पार आभाळात,
वलांडीवर बोंबील.

परदेशातून मेल आला,
हे मोजे कुणाचे वाळतायत?
मग ट्रॅक गेला.
गेला म्हणजे, पुसला नाही.
पुसला की खेळच बंद पडायचा,
म्हणून नुसती कडी लावली.

काल, सतरा वर्षांनी,
मी फाइलमधला एक आकडा बदलला.
गाडी उतरली. घड्याळ सुरू.
आवाज नाही, दुसरी गाडी नाही,
शेवटची रेघ आखायची राहिलेली.
वळणावर मांजर, अर्धी रंगवलेली.
गाडी तिच्यातून आरपार गेली,
ती उठली नाही.

मेघश्यामला फोन लावला.
"पिंपाच्या उजवीकडून घे," म्हणाला,
"डावीकडे जमीन घालायची राहिलीय."

मी डावीकडून घेतली.

पडता पडता गल्ली खालून दिसली:
चपलांचे तळवे,
एकाला ठोकलेले तीन खिळे,
चौथ्याचं नुसतं भोक.