लोण्याची ओळ

तार्तूत, पुलापलीकडच्या छापखान्यात
सालमे खिळे जुळवते.
साल एकोणीसशे तेहेतीस, नदी गोठलेली,
शिशाला हात लावला की बोटं आधी दचकतात, मग विसरतात.
आज समोर नवऱ्याचं हस्तलिखित आहे.
म्हणजे अक्षर तिचंच;
रात्री आर्वेद फेऱ्या मारत सांगत गेला,
तिने उतरवून घेतलं.

पहिल्या पानावर ती राणी आहे.
तिसऱ्यावर बर्फाचा किल्ला.
सातव्यावर तिच्या पापण्या हलल्या म्हणून कुणीतरी मरतं
आणि आठव्यावर जिवंत होऊन पुन्हा तिच्या पायाशी बसतं.
मान हंसाची. हात शुभ्र.
ती हात बघते.
रॉकेलने धुतले तरी रेषांमध्ये शाई राहतेच,
हे हात कुठल्याच पानावर नाहीत.
एकसष्ट कविता, आणि राणी एकदाही बोललेली नाही.
राण्या बोलत नसाव्यात.
गुलामच बोलतो, अखंड,
आणि गुलामाला जेवण गरम लागतं.

खिळ्यांवर अक्षरं आरशातली,
पट्टीत ओळ डोक्यावर उभी.
अकरा वर्षं ती असंच वाचत आली आहे:
उलटं, आणि म्हणूनच नीट.

तिच्या भाषेत तो आणि ती वेगळे नाहीत.
'ता' म्हटलं की झालं.
ता दाराशी थांबलं, ता रडलं, ता गुडघ्यांवर आलं.
मी हे मराठीत सांगते आहे,
माझ्या क्रियापदांना तेवढी मोकळीक नाही;
काना द्यायचा की वेलांटी, तिथेच ठरून जातं
कोण उभं, कोण वाकलेलं.
म्हणून थोडा वेळ नपुंसकलिंगात लपले.
सालमेला लपावं लागत नाही.
'ता रात्रभर खिडकीशी वाट पाहतं'
ही ओळ जुळवताना ती हसते.
आर्वेदला वाटतं, वाट पाहणारा तोच.
खिडकी मात्र तिला ओळखते,
गुरुवारी, शनिवारी,
कॅफेतलं कवीमंडळ उठेपर्यंत.

मग बावन्नावी कविता.
'तुझी सत्ता माझ्यावर, तुझी सत्ता, तुझी सत्ता.'
सत्तेला तिथे वॉइम म्हणतात.
शेवटचा म काढला की उरतं वॉइ.
वॉइ म्हणजे लोणी.
वॉइ म्हणजे 'किंवा'सुद्धा.
मागच्या आठवड्यात दुकानदाराने उधारीची वही पुढे सरकवली होती,
लोण्यासमोर पाच रेघा.
सही यजमानांची आणा, म्हणाला.
पगार तिचा,
सही यजमानांची.

तिने चिमट्याने म उचलला,
एप्रनच्या खिशात टाकला,
त्या जागी कोरा तुकडा बसवून ओळ आवळली:
तुझी सत्ता माझ्यावर, तुझी सत्ता,
तुझं लोणी.

मुद्रितं आर्वेदने दोनदा तपासली.
स्वतःच्या ओळी कुणी वाचत नाही,
नुसत्या ऐकतो.
पुस्तक निघालं, तीनशे प्रती,
आणि एका वर्तमानपत्राने नेमक्या त्या जागेचं कौतुक केलं:
'उदात्तातून थेट स्वयंपाकघरात घेतलेली धाडसी उडी.'
कात्रण खिशात घेऊन तो चार दिवस फिरला.
पाचव्या संध्याकाळी
जेवायला बसताना कविता मोठ्याने म्हणू लागला
आणि लोण्यापाशी थबकला.
तिच्याकडे पाहिलं.
मानेकडे नाही, पापण्यांकडे नाही.
'हे मी लिहिलं होतं?'

सालमे काळा पाव कापत होती.
सुरी थांबवली नाही.
'वॉइ,' ती म्हणाली,
आणि बशी त्याच्याकडे सरकवली.
रिकामी होती.