तीन पानांची नदी

बर्गनमध्ये पावसाचं कौतुक कुणालाच नाही.
तो पाहुणा नव्हे, भाडेकरू,
आणि भाडंही देत नाही.
भिंतीवर तरी काही कोरडं लाव, ओड्वार म्हणाला होता.
मी नेमका पाऊसच आणला:
घाट उतरणारे चार हमाल, अंगावर गवताचे झगे,
आणि सरींच्या रेघा, मोजता येतील अशा.
फ्लू झाला तेव्हा मी मोजल्या.
दोनशे अकरा.

अस्सल चित्रं म्हणे अंधारात ठेवतात,
संग्रहालयाच्या सपाट खणांत.
उजेड देतात तोही मोजून, औषधासारखा.
जांभळा आधी उडतो, मग काही निळे.
आमची ही नक्कल.
तिला कुणाची भीती?
स्वयंपाकघरात कॉड उकळतो त्याच्याच वर ती राहते.
एका कोपऱ्यात लोण्याचा डाग पडला,
तो आता हमालांच्या वाटेत धोंड्यासारखा बसलाय.
न्हाणीघरातल्या कलिंगड कापणाऱ्या बाईचा
वाफेनं एक गाल सुजला.
जिन्यात बर्फाची रात्र आहे,
तिथला बल्ब गेलाय, तो आम्ही बदलत नाही.

बैठकीत नदी.
एकच नदी, तीन कागदांवर.
मागे एक, दोन, तीन असे आकडे होते,
आम्ही लावली तशीच, डावीकडून.
दाराजवळ कंदील घेतलेली बाई, दाराकडे बघत.
मध्ये नुसतं पाणी.
खिडकीजवळ होडी, नाक खिडकीबाहेर,
जणू आत्ताच फियॉर्डला लागेल.
पाण्याच्या रेघा जुळत नव्हत्या.
कलाकाराची मर्जी, आम्ही म्हणायचो.

अकरा वर्षं दोघांची पाठ दोघांकडे.
मला वाटायचं, भांडलेत.
ओड्वारला वाटायचं, होडीवाल्याची पाळी आहे, दुसरं काय.
तो स्वतः फेरीबोटीवर इंजिनात होता,
रात्री दोनला यायचा,
डिझेलचा वास आधी, मग तो.
मी झोपलेली असायचे.
ही जागी असायची.
इंगविल्ड बॅगा घेऊन ट्रॉम्सोला गेली
तेव्हा मी खिडकीत जाऊन उभी राहिले, मला बघवेना.
हिनं पाहिलं.

फेब्रुवारीत हीट पंप बंद पडला.
दुरुस्तीला आले हिराओका.
वीस वर्षं इथे, बर्गनचा घोगरा र
माझ्यापेक्षा चांगला काढतात.
स्क्रूड्रायव्हर हातात तसाच, ते भिंतीपुढे थांबले.
"रागावू नका," म्हणाले,
"पण नदी उलटी लागलीय.
हे उजवीकडून वाचायचं."

कॉफी निवायच्या आत ओड्वारनं कडेची पानं बदलली.
आणि रेघेला रेघ लागली.
होडीचं नाक बाईकडे,
बाईचा कंदील होडीकडे,
इतकं सोपं होतं सगळं.
हिराओकांनी बिल दिलं, वरचे पैसे घेतले नाहीत.
ओड्वार दिवसभर शिट्टी वाजवत होता.

मला रात्री झोप लागेना.
आता घरात शिरलं की समोर होडीचा मागचा भाग,
आणि दाराकडे कुणीच बघत नाही.
"बरोबर ते बरोबर," तो म्हणाला.
मी म्हटलं, तिला विचारलंस का?
"कागदाला काय विचारायचं?"
खरंच, काय विचारायचं.
तिची किंमत फ्रेमपेक्षा कमी होती.

आज तो मासळी आणायला गेला
तेव्हा मी तिला खिळ्यावरून काढलं.
भिंतीवर मागे राहिला एक उजळ चौकोन.
होडी कुठे हलवायची हे ठरेना.
तशीच उभी होते तिला छातीशी धरून, तोंड बाहेर,
तेवढ्यात किल्ली फिरली.
ओला कोट, हातात पिशवी, चष्म्यावर पाणी.
तो आधी तिच्याकडे बघत राहिला,
चष्मा पुसून मग माझ्याकडे.
"खाली ठेव," म्हणाला, "हात दुखतील."

सध्या ती दाराशी आहे,
जमिनीवर, बुटांच्या ओळीत टेकून.
नदी भिंतीवर दोनच पानांची.
खिळ्याचं बघू म्हणतो तो,
रविवारी.