दोन मीटर जास्त

आडनाव धुरी. अण्णा स्वतःच सांगायचे डॉक्टरांना,
"नावातच आहे, फोटो कशाला काढता?"
आणि हसायचे, आणि त्या हसण्याचे हप्ते
पुढे दहा मिनिटं खोकून फेडायचे.

एकतीस वर्षं सुमननगरच्या नाक्यावर शिट्टी.
ट्रक, टँकर, डंपर,
घरी आल्यावर रुमालात काळी रेघ.
विडी कधी ओढली नाही, हे अजूनही
नव्या माणसाला आधी सांगतात,
जणू कुणी त्यांचीच पावती फाडायला उभं आहे.

आता प्रतीक्षानगर, चौथा मजला.
कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र,
रात्रभर जात्यासारखं घरघरतं.
विजेचं बिल आलं की मी डब्याखाली सरकवते.
नाकात नळी. नळीची लांबी सात मीटर.
सात मीटरमध्ये कॉट, खिडकी, देव
(देवापुढचा दिवा आता बॅटरीचा),
स्वयंपाकघराची चौकट. गॅस पेटतो, तिथेच थांबायचं.
मोरी आठव्या मीटरला.

वाक्यं तुटली त्यांची.
आधी विशेषणं गेली, मग क्रियापदं.
"चहा." "पंखा." "ती... खिडकी."
शिव्या मात्र अजून येतात,
मालवणी, अख्ख्या, एका दमात.

मार्चमध्ये पंधरा दिवस आयसीयू. घशात पाइप,
हात पट्टीनं पलंगाला बांधलेले.
घरी आल्यावर माझ्यासमोर
उजवा तळहात उभा धरला.
अख्खा नाका थांबायचा त्या खुणेवर.
मीही थांबले.
दुबईत भावाला समजायला दोन महिने लागले.

मग तांडेल सिस्टर येऊ लागल्या, दर बुधवारी,
पाठीला सॅक, चपला दाराबाहेर.
मला वाटलं, शेवटचं सांगायला आल्या.
त्यांनी आधी टेबलफॅन हलवला,
वारा थेट गालावर येईल असा.
"बशीतल्या चहावर फुंकता ना, काका, तसा सोडा श्वास.
शिट्टी नको. फुंकर."
मॉर्फिनच्या गोळीचा चतकोर.
नाव ऐकूनच मला रडू आलं.
"मारायला नाही गं. धाप उतरायला."
त्या रात्री अण्णा चार तास झोपले.
मी जागीच, श्वास मोजत, सवयीनं.

तिसऱ्या बुधवारी त्यांनी स्टूल ओढलं, विचारलं,
"काका, तुम्हाला काय हवंय?"
आम्ही नेहमी विचारायचो, बरं वाटतंय का.
अण्णांनी हवा जमवली,
महिनाअखेरीस सुटे पैसे जमवावेत तशी.
मला वाटलं, गाव म्हणतील. किंवा आईचं नाव.
"आंघोळ," ते म्हणाले.
थांबले.
"कडी... लावून."

दोन वर्षं मी त्यांना पुसते आहे ओल्या पंचानं.
मान भिंतीकडे वळवून बसतात.
मला वाटायचं, साबण डोळ्यांत जातो म्हणून.

दोन मीटर जास्त नळी आली.
प्लास्टिकची खुर्ची, पाय कापून बुटकी केलेली.
तळमजल्याच्या इसाक सुतारानं दाराला खाली
नळीपुरती खाच पाडली, पैसे घेतले नाहीत,
"साहेबांनी एकदा माझी स्कूटर सोडली होती," म्हणाला.
ठरलं असं: आतून बोलायचं नाही, दम जातो.
तांब्या बादलीवर वाजवायचा.
एकदा म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे ये.

आता अकरा वाजता मी मोरीबाहेर
पाटावर बसते, मेथी निवडत.
कडी पडते. पाणी.
नळी उंबऱ्यावर जरा सरकते.
टण्.
मग बराच वेळ काहीच नाही.
जुडी हातात तशीच.
टण्.

काल तीनदा वाजलं.
तीनचं काही ठरलंच नव्हतं.
मी उठले, दारावर तळहात टेकला, "अण्णा?"
आतून आवाज आला,
मालवणीत, एका दमात,
क्रियापदासकट.

मी परत बसले.