वसूल

काझातल्या घराचं गणित मी पुण्यात बसून करते,
एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर, पंखा दोनवर.
बाहेर पारा उणे बावीस, तिथला.
भिंत दगडाची, आत मेंढीच्या लोकरीचा वीतभर थर,
त्यावर मातीचा गिलावा. खिडक्यांना दुहेरी काच.
ताशीने सगळं नीट केलंय.
तीच अडचण.

घर इतकं गच्च गुंडाळलेलं
की चार माणसं, एक चूल, दुपारचं तिरपं ऊन
एवढ्यावरच भागतं बरंचसं.
छतावरच्या पॅनेलला काम उरत नाही.
साडेतीन लाख भागिले वर्षाचे तेरा हजार:
सत्तावीस वर्षं. पॅनेलचं आयुष्य वीस.
भिंती गळक्या असत्या तर सहात वसूल.
अहवालात हे लिहायचं कसं?
शहाणपणा केलात, म्हणून आता परवडत नाही?

फोनवर म्हणाला, पण ऊन तर फुकट, मॅडम.
ऊन फुकट, म्हटलं. तांब्याची नळी नाही.

इकडे कोथरूडला आमच्या गच्चीवर
दोन हजार लिटरची टाकी डिसेंबरातही चटका देते
आणि माझ्या नळाला आधी अकरा तांबे गार पाणी.
मोजलेत. सवय.
उघडी नळी पहाटेच्या थंडीत
वाटेतच ऊब वाटून टाकते
पारव्यांना, एका पालीला.
आवरणाचे आठ हजार तीन वर्षं
‘पुढील सभेत’ आहेत.
तळमजल्याचे खळदकर म्हणतात,
आमच्यापर्यंत येतं काय, म्हणून द्यायचं?
त्यांचंही बरोबरच.

शेवटी निसारला मीच बोलावलं.
फोम दोन हात कमी पडला,
तिथे माझा जुना मफलर बांधला त्याने,
खाकरत, ‘ये भी चलेगा’ म्हणत.
आता चार तांबे.

रात्री ताशीचा निरोप:
एक छोटं तरी ठेवा.
आई जन्मभर बर्फ फोडून हात धुतेय.

माझ्या तक्त्यात हातांची ओळ नाही.
लोकर, काच, डिझेल, लाकूड,
व्याजाचा दर आहे.
मी एक नवं पान उघडलं.
शंभर लिटर, एकच पॅनेल, नळी अगदी आखूड,
स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून.
वसुली: एकोणीस वर्षं.
तसंच लिहिलं, खाडाखोड न करता.

आईचं वय विचारलं नाही.