अभिप्राय देता येत नाही

पाकिटावर लाख मीच ओतली होती,
ठाण्याची पितळी मुद्रा दाबताना चटका बसला
तो डाग अजून अंगठ्यावर आहे.
आत सहा शिसे, ईस्तारी गेडामच्या छातीतले.
गोणपाटात वेगळ्या तीन भरमार बंदुका,
तीन घरांतल्या,
तिन्ही डोमा चंदनखेडेनं एकाच भात्यावर केलेल्या.
एकीची नळी म्हणजे मोडक्या ट्रॅक्टरची स्टेअरिंग.

धान दुधात आलं होतं, रानडुकरं बांधीत घुसत होती.
काळोखात काहीतरी हललं
आणि कुणीतरी घोडा ओढला.
या कुणीतरीचं नाव आणायला
मला सिंदेवाहीहून नागपूरला धाडलं,
पहाटेच्या एसटीनं, गोणपाट मांडीवर आडवं.
कंडक्टरनं विचारलं, कुदळी हायेत का?
मी हाव म्हटलं.

प्रयोगशाळेतल्या बाई बोलक्या निघाल्या.
या, बघा, म्हणाल्या,
आणि कुठल्या तरी दुसऱ्याच खुनाच्या
दोन गोळ्या दाखवल्या एका भिंगाखाली.
अर्धी ही, अर्धी ती, मधे केसाएवढी रेघ.
या अर्ध्यातले ओरखडे त्या अर्ध्यात जात होते, न अडखळता,
जशी भावाभावात वाटणी झाल्यावरही
जुनी तासं धुरा ओलांडून दिसतात.
कारखान्याच्या नळीत आटे असतात, बाई सांगत होत्या,
गोळी गरगरत निघते, अंगावर नळीचं अक्षर घेऊन.
तेही आम्ही जपूनच वाचतो.
मग त्यांनी माझी लाख फोडली.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
तुमच्या नळ्या आतून सपाट, हवालदार.
यांनी काही लिहिलंच नाही.

डोमाही असंच म्हणाला होता, घाम पुसत:
माह्या घनाचा ठोका मी वळखतो साहेब,
नळीतून काय गेलं ते मले कसं कळन?

महिन्यांनी अहवाल आला. दोन पानं.
तिन्ही बंदुका चालू स्थितीत. तिन्हींतून बार झालेला.
सहा शिसे नेमके कुठल्या बंदुकीचे
याबाबत अभिप्राय देता येत नाही.
साहेबांनी वाचून फाईल माझ्याकडे सरकवली.
खाली मात्र एक बारीक ओळ होती, फोटोसकट:
क्रमांक चारचा तुकडा पूर्ण वितळलेला नाही,
त्यावर दोरीसारखी खाच. बंदुकीशी संबंध नाही.

ती ओळ मी घरी नेली.
जेवताना मधेच घास थांबला.

आषाढात पारबता मारबते आली होती ठाण्यात,
जाळं खांद्यावर, ओलं, शेवाळाचा वास.
काठाचे शिसे कोनं तरी कापून नेले म्हणाली,
अर्ध्या जाळ्याचे. जाळं तळ्यात बसतच नाही आता,
वरच्या वर तरंगते.
कोनं नेले तेही मले ठाव हाय, म्हणाली.
मी डायरी उघडली नाही.
चाळीस मणी शिसं, म्हटलं, याची काय केस करू?
घरातलं घरात मिटवा.
ती जाताना पायरीवर थोडं पाणी ठिबकलं,
तेवढाच तिच्या तक्रारीचा पुरावा,
तो दुपारी वाळला.

परवा गेलो तिच्याकडे, गणवेश न घालता.
ती पाळीवर बसून जाळ्याला
भाजलेल्या मातीचे मणी ओवत होती.
फोटोची झेरॉक्स पुढे धरली.
तिनं हात लुगड्याला पुसले,
कागद उन्हात कलता केला,
आणि नखानं ती खाच चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
सुई जाते त्याच दिशेनं.
पुतण्या आत खाटेवर होता. खोकला.

नोहे साहेब, ती म्हणाली.
माहा नोहे.

पुढचा मणी उचलला, दोरा ओला केला ओठांत.
मीही मग विचारलं नाही,
आषाढात ती जे नाव सांगणार होती ते.