आडव्या रेघा

तिन्ही एकाच टॅबलेटवर भरलीत, महिनाभर फुकट.
सांबऱ्याच्या शेडमध्ये मुतगेकर म्हणतो,
"घे बे एक कुठलं तरी,
वारा काय नकाशा वाचूलाय?"

पहिलं देखणं. निपाणीपर्यंत डोंगर रंगवतं,
पण दुपारच्या उन्हात काचेवर
माझाच चेहरा दिसतो, टोपीसकट.
दुसरं बोलतं फार. वळ. वळ. आता वळ.
तिसऱ्याची अक्षरं एसटीच्या पाटीएवढी,
रंग दोनच.

काल हिडकलच्या पाण्यावर अडकलो.
पाणी गार, वरची हवा मेलेली,
व्हेरिओचा सूर खाली, आणखी खाली.
पहिलं म्हणालं, घरी पोचशील,
दोनशे मीटर शिल्लक ठेवून.
दुसरं म्हणालं, चाळीस.
तिसऱ्यानं आकड्याच्या जागी
नुसत्या दोन आडव्या रेघा ओढल्या:
वारा अजून मोजून झाला नव्हता.

मी रेघांचं ऐकलं.
हत्तरगीच्या अलीकडं सोयाबीन काढलेलं रान,
लांबट, तारा नसलेलं. उतरलो.

"एनातु?" म्हणत एक बाई धावत आली.
पेट्रोल संपलं का, तिनं मोडक्या मराठीत विचारलं.
इंजिनच नाही म्हटल्यावर
पंखाखाली वाकून तिनं खात्री करून घेतली,
मग तांब्याभर ताक दिलं.

ट्रेलर घेऊन मुतगेकर येईतो अंधार.
काही विचारलं नाही त्यानं.
बोनेटवर टेकून दोन पुसून टाकली,
उरलेल्याची मुदत बघितली:
"आणि चार दिवस हाईत की."