भोकं काढा, सर

नागपूरहून शलाका रामटेके आली तेव्हा
मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती,
आणि झेडपी शाळेच्या भिंतीवरचा माझा मोर
पोपडे धरून निम्मा उडाला होता.
तिला चित्रं काढणारा हवा होता.

आमच्या टेकडीत शेणाचे दगड झालेत,
ते तिनं मोजून नंबर टाकून ठेवले होते.
नडगीचा एक तुकडा, कापसात.
कवटी नाही.
'ती इथं टिकत नाही, सर. जड ते टिकतं.
कवटीत हवाच जास्त.'

म्हणून कुठल्या परदेशी वाळवंटातल्या कवटीचा
प्लास्टरचा ठसा तिनं आणला,
एसटीत मांडीवर, दुपट्ट्यात गुंडाळून.
कंडक्टरनं विचारलं, लेकरू किती वर्षाचं?
ती म्हणाली, साडेसात कोटी.
तो हसला नाही. पुढच्या सीटकडे गेला.

मी पेन्सिल टोकली
आणि हाडाच्या कडेकडेनं निघालो,
तीस वर्षं पोरांना सुरई शिकवली तसा, पेरू शिकवला तसा.
तिनं कागद बराच वेळ पाहिला.
'हाड नका काढू, सर.
भोकं काढा. हाड आपोआप उरतं.'

मग नाकपुडी.
मग नाक आणि डोळा यांच्यामधलं एक तिकोनी,
देवळाच्या दिवळीसारखं,
ज्याला आपल्या बोलीत नावच नाही
कारण आपल्या तोंडावर ते नाही.
मग डोळ्याचं, सगळ्यात मोठं.
त्याच्या मागं दोन, जबड्याच्या मांसाला फुगायला जागा.
मी म्हटलं, यात चेहरा कुठाय?
ती म्हणाली, राहिला तेवढा.

मंगळवारी हनीफच्या दुकानातून
कोंबडीची तीन मुंडकी आणली. पैसे घेतले नाहीत त्यानं,
पाय पण देऊ करत होता.
सत्यभामानं जर्मनचा फुटका गंज दिला,
अंगणात, घरात नाही,
आणि पदर नाकाला लावून म्हणाली,
'हा कोणता उपास काढला तुमी?'

धुण्याचा सोडा टाकून मंद आच.
जुन्या टूथब्रशनं घासत घासत
संध्याकाळपर्यंत एकच धड निघालं.
कांद्याच्या सालीएवढं हाड,
गालाच्या जागी काडेपेटीतली काडी,
आणि डोळ्याभोवती
चौदा चकत्यांचं कडं, बांगडी फुटावी तसं
माझ्या तळहातावर सुटं झालं.
मी ते मोजलं. परत मोजलं.
बुबुळाला कुंपण असतं हे मला
बासष्टाव्या वर्षी कळलं,
इतक्या कोंबड्या खाऊन.

ठशाशेजारी ठेवली.
तिथं दात, इथं चोच.
तिथं डोळ्यामागं हाडाचा खांब,
इथं तो काढून टाकून दोन खोल्यांची एक केलेली.
पण ती दिवळी दोघांना.
कानामागची जबड्याची खुंटी दोघांना.
आणि आत, मेंदू जिथं टेकून बसला होता,
तिथं त्याचा खळगा,
लोडाला पाठीचा पडतो तसा.

शलाका म्हणाली, यांच्यातल्या काहींचा
एक कान वर, एक खाली होता,
घुबडासारखा. अंधारात उंदीर कुठं हलला
ते कवटीच तिरपी करून ऐकायची.
रात्री मी पडल्या पडल्या स्वतःचे कान चाचपले.
सारखेच. थोडं वाईट वाटलं.
सत्यभामा कुशीवरून बोलली,
'तुमच्या डोस्क्यात बी भोकं हायेत, झोपा.'

सकाळी पिंपळशेंड्यांचा कोंबडा कुंपणावर चढला.
आरवताना त्याची खालची चोच उघडली,
आणि वरचीही, केसभर, वर गेली.
पन्नास वर्षं मी कोंबडे काढले,
वरची चोच दरवेळी खिळा ठोकल्यासारखी.
मग त्यानं मान वळवली
आणि एकाच डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी फाटकाच्या आत होतो.
फाटकाची कडी तपासली.

चित्र गेलं नागपूरला. छापलं की नाही, माहीत नाही.
शाळेचे नवीन सर म्हणाले, मोराला रंग मारून द्या.
ब्रश घेऊन गेलो. पाहतो तर पोपडा
डोळ्याच्या पुढं पडलेला, तिकोनी,
नेमका तिथंच.
पिसारा रंगवला. तोंडाला हात लावला नाही.

परतताना हनीफनं हाक मारली,
मुंडकी ठेवू का, मास्तर?
म्हटलं, ठेव.